दहापैकी दहा

नाही हो साहेब, चूक नाही काढलेली, बसा — उलट शाबासकी द्यायलाच थांबवलंय तुम्हाला. एवढ्या न्यायाधीशांच्या वर्गात ताळेबंद नीट वाचला तो तुम्ही एकट्यानं. दहापैकी दहा! बाकीच्यांनी काय लिहिलंय माहितीये? राखीव निधी ऐंशी लाख, बँकेत दोन लाख, म्हणजे उरलेले मॅनेजरनं खाल्ले — झालं, घाला आत! आणि तुम्ही? 'राखीव निधी म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे, तो साठवलेला नफा, त्यातून यंत्र घेतलंय, अपहार नाही.' वा! चहा निवायच्या आत लिहून मोकळे. मी बघत होते ना — मी दुसऱ्या कुणाकडे बघतच नव्हते.

पेपरातला खटला खरा आहे का? खरा तर. पेपरात छापखान्याच्या जागी बिस्किटांची कंपनी घातली मी, एवढंच. काही आठवतंय? नाही? बरोबरे, तुमच्यापुढे रोज ढिगानं येतात, आमच्या घरात एकच आला. तो मॅनेजर माझा दादा. आमचा वकील घसा फोडून सांगत होता, यंत्र तिथं उभं आहे, चालू आहे, हवं तर जाऊन बघा — आणि तुम्ही काय म्हणालात? 'आकड्यांचा घोळ घालू नका.' लोक हसलेसुद्धा. मी मागच्या बाकावर होते, वहिनीचा हात धरून. तुम्ही तुरुंगात धाडलंत, पुढं वरच्या कोर्टानं सोडला त्याला, सव्वा वर्षानं — सोडला म्हणजे काय, घरी आणून ठेवला. अजून बाथरूमला जाताना विचारतो, 'जाऊ का?' कुणाला? स्वतःच्या लेकीला!

मी? मी ऑडिट करायचे तेव्हा, बरं चाललं होतं. न्यायाधीशांना हिशेब शिकवायला माणूस हवंय असं कळलं नि सगळं सोडून इथं आले, निम्म्या पगारावर. तुमचं नाव यादीत कधी येतंय याची वाट बघत बसले, बॅचमागून बॅच. ठरवलं होतं, सगळ्यांसमोर नापास करायचं, नाक कापायचं तुमचं. मग म्हटलं छे, नापास झालात तर सुटलात की! 'बिचाऱ्याला कळतच नव्हतं' — तेवढी एकच पळवाट होती तुमच्याकडे, ती आज बुजवली मी. स्वतः शिकवून, उदाहरणं देऊन, अगदी लाडानं. आता झोपा सुखानं.

अहो, रडताय काय — नाही, रडा. रडा, बघू दे मला.

काय? पत्ता? दादाचा? कशाला, पाय धरायला? अजिबात नाही. तुम्हाला माहीत नाही तो माणूस. दारातच म्हणेल, 'या ना, आत या,' खुर्ची पुसून देईल, लेकीला पाणी आणायला पिटाळेल — आणि वर म्हणेल, 'तुमचा तरी काय दोष, साहेब.' म्हणतोच तो तसं! मी विषय काढला की उठून जातो. इथं मी कुणासाठी आले हेसुद्धा ठाऊक नाही त्याला. दोन मिनिटांत माफ करून टाकेल तो तुम्हाला, दोन मिनिटांत — आणि मग मी काय करू? इतकी वर्षं मी काय... नाही. नाही देणार पत्ता. उठा. प्रमाणपत्र टेबलावर आहे, घ्या आणि निघा. आणि जाताना दार ओढून घ्या.