सोमवारची गोळी

गुडगावच्या नव्या लॅबमध्ये रिपोर्टची वाट पाहत बसलेल्या कुमुदला पाठीमागून मराठी ऐकू आलं, तशी ती नकळत सावरून बसली.

“नीरजा, तुझ्या रक्तात औषध पुन्हा फार कमी आलंय.”

“मशीन चुकलं असेल, दादा.”

“मास स्पेक्ट्रोमीटर आहे तो. थेंबातलं औषध मोजतो, तुझ्यासारख्या थापा मारत नाही. गोळ्या चुकवतेस?”

“फक्त सोमवारी. निर्जळी उपास असतो, पाण्याशिवाय गिळू कशी?”

“अगं, माझी किडनी काढून दिली तुला! गोळ्या चुकल्यामुळे ती आता टिकत नाही म्हणतात डॉक्टर. आणि तू उपास कसले करतेस, यार?”



“तुझी उरलेली एक नीट राहावी म्हणून धरलाय रे.”