दोन भावांचा एक खांब

चहा गार होईल, पण हे आधी ऐकाच. शेजारच्या स्वातीनं आमच्या डिंगोरे गावच्या डेअरीसाठी ॲप केलं, कोड न लिहिता, स्क्रीनवर नुसते चौकोन ओढून. दुधाची नोंद झाली की चार्टमध्ये ज्याचा त्याचा खांब आपोआप वर चढायचा. डेअरीच्या सभेत चार्ट पहिल्यांदाच सगळ्यांना दाखवला, तर दगडूभाऊ आणि धाकटा किसन यांचा मिळून एकच खांब! पोरीनं नावाऐवजी आडनाव निवडलेलं, आणि हे सख्खे भाऊ शेताच्या बांधाच्या भांडणावरून सहा वर्षं बोलत नव्हते. स्वाती रडकुंडीला आली, "काका, आत्ता वेगळं करते."

दगडूभाऊ म्हणाले, "थांब गं. सगळ्यात उंच हाय त्यो. किसन्या, बघ, आपण पहिले आलो!"

किसन मान वर न करता म्हणाला, "माझ्या जर्सी गाईमुळं, दादा."