जेवाले बोलावलं तिथंही शेगडी

माझं नाव प्रमिला. गाव वाशीमकडलं, पण आता गाव काय नि पुणं काय, जल्म इथंच गेला म्हणा ना. बोली तेवढी तिकडची राहिली, मले-तुले काही सुटत नाही, इथले लोक हसतात, हसू द्या. माझ्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, म्हून आमच्या घरात शिकण्याचं भारी, पोरींनीही शिकावं असं, पण माय अंथरुणाले खिळली नि मी सातवीतून उठून चुलीपुढं बसली, ते बसलीच. मंग लग्न झालं, मालक सेंट्रिंगच्या कामावर पुण्याले आले, त्यांच्या मागं मी. खराडीत तवा ज्वारी उभी राहे, ताई, खोटं वाटंल तुमाले. आता ज्या काचेच्या बिल्डिंगा दिसतात ना, त्यातल्या दोन-तीनच्या स्लॅबच्या फळ्या मालकांनी ठोकल्या. बिल्डिंग झाली की गेटवरचा माणूस आत सोडत नसे. स्नेहल, म्हंजे माझी लेक, शाळेतच होती नि मालक काविळीनं गेले.

मंग काय करता? या चंदननगरच्या गल्लीत कंपनीतली पोट्टी खोल्या घेऊन राहात, कोणी नांदेडचं, कोणी अमरावतीचं, घरच्या पोळीले आसुसलेली. त्यांच्यासाठी मेस काढली. दारावर पाटी लावली, पोटभर जेवण. ती पाटीच नडली पाहा. पोटभर म्हटल्यावर कोणाले आता पुरे म्हणता येते का? आधी भात नि बटाट्याचा रस्सा सरकवायचा, म्हंजे पोळीले हात कमी लागतो, हे मी आपल्या मनानंच शिकली, तरी एकेक जण असा हाणे की परातीतली कणीक पुन्हा मळा. वाईट नव्हती हो पोरं, काकू काकू करत, दिवाळीले साडी आणत. पण सगळ्यांचं होऊन मी ताट घ्यावं तं पोळी गार, भाजी तळाची, नि बसणं तरी कुठलं, ओट्याले टेकून चार घास. दुसऱ्या कोणी वाढलेलं, गरम, बसून कधी खाल्लं हे आठवाले गेली तं मले माझं बाळंतपणच आठवते. काय सांगू तुमाले, माणूस रांधून रांधून जेवण विसरते.

त्याच मेसवर स्नेहल इंजिनिअर झाली, खराडीतच काचेच्या बिल्डिंगीत लागली, लग्नही तिथल्याच पोराशी केलं. जवाई चांगले हायेत, आवाज चढवत नाहीत. मंग माझे गुडघे गेले, उजवा खांदा वर होईना, नि एक दिवस मी पाटी उतरवली, मेस बंद केली. बस म्हटलं. आता या खोलीत एकटी राहीन, वाटलं तं रांधीन, नाही तं उपाशी झोपीन, पण कोणासाठी उठणार नाही.

आणि त्याच आठवड्यात लेकीचा फोन, आई, रविवारी दुपारी आपण बाहेर जेवू, कोरियन बार्बेक्यू आहे, अनलिमिटेड, पाहिजे तेवढं खायचं. जवाई मागून म्हणाले, आई, सकाळी काही खाऊ नका हं, पोट रिकामं ठेवा. मी खरंच सकाळी नुसता चहा घेतला. खोटं कशाले बोलू, मले भारी हौस वाटली. पोटभरच्या पाटीखाली आज आपण दुसऱ्या बाजूनं बसणार. चांगलं लुगडं नेसली, विहारात जाताना नेसते ते.

खुर्चीवर बसली नि पाहते तं काय, टेबलाच्या मधोमध शेगडी! मी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. एक मणिपूरकडची गोड पोरगी आली, तिनं कोबी-मुळ्याच्या लहान लहान वाट्या मांडल्या, भात ठेवला, नि मंग कच्चं मटण आणून ठेवलं. कच्चं, ताई! मी म्हटलं, हे कोण शिजवणार? लेक हसाले लागली, आई, इथं आपणच भाजायचं, तीच तर मजा. चिमटा दिला नि एक कात्री दिली, भाजलेलं कात्रीनं कापायचं, शिंप्याच्या दुकानावानी. ते निघालं डुकराचं, आमच्या घरी ते कधी केलं नाही, म्हून माझ्यासाठी कोंबडीचं मागवलं. जवाईबापूंनी हौसेनं तुकडे टाकले, ते करपले, धूर झाला, त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, सोडा तुम्ही, द्या इकडं.

तिथंच फसली मी. सगळ्या जल्माची सवय, हात थांबते का? इकडचं पलटव, तिकडचं काप, लेकीच्या ताटलीत टाक, जवायाच्या ताटलीत टाक. ती दोघं सॅलडच्या पानात गुंडाळून खाऊन राहिली, मले म्हणत, आई तूही घे ना, मी म्हणे घेते, एवढं होऊ दे. एवढं होईपर्यंत पुढची ताटली येई.

मंग स्नेहलनं सांगितलं, आई, तू आजी होणार. मले असा आनंद झाला की चिमटा हातातच राहिला नि मी तसाच तिच्या तोंडावरून दुसरा हात फिरवला. ती म्हणाली, आता मेस बंद झालीच आहे तर ती खोली सोड, आमच्याकडे ये, तुला तिथं काहीच करायचं नाही, नुसतं बसून राहायचं. असं म्हणत म्हणत तिनं ताटली पुढं केली, तो कडक भाजलेला दे ना आई. नि जवाई म्हणाले, आई आल्या की आपल्या डब्याचाही प्रश्न मिटला.

वाईट मनानं म्हणाले नाहीत हो. पण मी तं धसकलीच. आता लेकीच्या घरचे डबे, मंग लेकराचा भात, मंग त्याच्या शाळेचा डबा, सगळं डोळ्यांपुढं आलं. राग नाही आला, राग याले अंगात काही उरलं पाहिजे. रडू आलं. तेवढ्यात ती पोरगी आली, टेबलाची ठरलेली वेळ संपली म्हणे, नि शेगडी बंद केली.

मी म्हटलं, स्नेहल, बाळंतपणाले मी येईन, सव्वा महिना राहीन, पण राहाले येत नाही.

का गं आई, काय कमी आहे तुला आमच्याकडे?

मी म्हटलं, माय, मी अजून जेवली नाही.

तिनं माझ्या ताटलीत पाहिलं. कोरडी. जवाई बिचारे उठले, त्या पोरीले म्हणाले, पुन्हा चालू करा, पण दुसरी माणसं दारात उभी होती. मी म्हटलं, राहू द्या.

स्नेहल महिनाभर बोलली नाही. बोलली तवा, तू मला परकं केलंस म्हणाली. गल्लीतल्या बायाही म्हणत, एकुलती पोटुशी लेक नि ही नाही म्हणते. रात्र-रात्र झोप नव्हती. बाळंतपण केलं, डिंकाचे लाडू केले, नातीले न्हाऊ घातलं, नि सव्वा महिन्यानं परत आली. लेकीले नाही म्हटल्याचं अजून दुखते, खांद्याहून जास्त दुखते, पण गेली असती तं मी मेली असती, ताई, उभ्या उभ्या.

आता नात चालते. एखाद्या रविवारी स्नेहल तिले घेऊन येते, माझ्या मांडीवर देते नि गॅसपुढं उभी राहते, खिचडी करते. कधी मीठ जास्त, कधी तांदूळ कच्चट राहते, आणि मी खिचडी चांगली झाली म्हणत नाही. पण गरम असते. बाकीच्या दिवशी मुरमुरे नि चहा, कंटाळा आला तं तोही नाही.

लेकरंबाळं सुखी राहा तुमची. एवढा वेळ ऐकत बसलात, घसा सुकला असंल. पातेलं तिथं खाली हाये, साखर निळ्या डब्यात. चहा टाका. अर्धा कप मलेही.