घोडा अजून खिडकीशीच

...आणि वर ती डॉक्टरीण मलाच म्हणते, "आजी, आजपासून तुम्ही बाहेर बसायचं!" मला! अडीच वर्षं जिने त्या संशोधनाच्या खोलीतली कोपऱ्यातली खुर्ची गरम ठेवली, तिला बाहेर! का, तर म्हणे तुमची आठवण फार चांगली आहे. चांगल्या आठवणीची शिक्षा झालेली ऐकलीत कधी? मीही नव्हती ऐकली.

थांबा, घोड्यापासून सांगते. नाही, घोड्याच्या आधी ताप.

तर तो कोविड आमच्याकडे आला तो सगळ्यांना भेटून गेला. मला तीन दिवस, सुनेला आठवडा, आणि आमच्या चिरंजिवाचा ताप गेला, खोकला गेला, रिपोर्टातून आजारसुद्धा गेला, पण जाताना त्याच्या डोक्यात धुकं ठेवून गेला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, वीस वर्षं छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर, गठ्ठा असा कापायचा की कडेवरून बोट फिरवावं तर रेशीम! आणि तो माणूस चहाला पाणी ठेवून शेगडीसमोर उभा राहायचा, पाणी आटायचं, भांडं करपायचं, हा उभाच. "काय रे, काय बघतोस?" तर पाण्याखालून बोलल्यासारखा म्हणायचा, "काहीतरी करायचं होतं गं आई..."

आणि मशीन कसलं? जुनं! पायाने दाबलं की हातभर पातं खाली, आणि कागद सारखा करायला हात आत. आपला हात आत आहे की बाहेर, हेच ज्याच्या ध्यानात नाही त्याने तिथे उभं राहायचं? मालक समजूतदार. त्याने ह्याला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं, म्हणाला, "डॉक्टरांची चिठ्ठी आणलीस की मशीन तुझं."

आता ती चिठ्ठी देणार कोण? तर ही डॉक्टरीण. कोविड होऊन गेल्यावर माणसात काय काय मागे राहतं, ते शोधायचं काम तिचं. कुणाला दोन पायऱ्यांत दम, कुणाचं काळीज बसल्या जागी धडधडतंय, कुणाला फुलाचा वास येत नाही, कुणाच्या डोक्यात हे आमच्यासारखं धुकं... अशी तीनशे माणसं तिने गोळा केलेली. दर सहा महिन्यांनी बोलावणार, रक्त घेणार, नळीत फुंकायला लावणार, बोटाला चिमटा लावून लांब बोळातून सहा मिनिटं चालायला लावणार. मीही मागोमाग चालायची, सोबत म्हणून. तर ही ओरडायची, "आजी, त्याच्या पुढे नका हो जाऊ!"

आणि मग ती शब्दांची परीक्षा. ती हळूहळू वाचायची... घोडा, पायरी, दिवा, लिंबू, खिडकी. मग घड्याळ काढ म्हणणार, शंभरातून सात वजा कर म्हणणार, आणि माणूस पार दमला की हळूच, "मघाचे पाच शब्द सांगा बरं?" गेल्या खेपेला हा छताकडे बघत राहिला. "लिंबू," म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "दिवा...?" आणि बस्स. मी मागे बसून ओठ दाताखाली दाबलेले, उरलेले तिन्ही शब्द माझ्या जिभेवर नाचतायत! घरी येताना तो एवढंच म्हणाला, "आई, मला पाच शब्द धरता येत नाहीत गं. मी माणूस आहे का चाळणी?"

तुम्हाला सांगते, मी शाळेची पायरी चढले नाही, पण परीक्षा म्हणजे पास व्हायचं असतं एवढं मला कळतं. दुसऱ्या दिवसापासून लागले कामाला. दुपारी तो पडलेला असायचा, पडदा वाऱ्याने पोट फुगवून आत यायचा, आणि मी त्याच्या केसांतून हात फिरवत सांगायची, एक पांढरा घोडा होता. चालत चालत एका पायरीशी आला. पायरीवर कुणीतरी दिवा ठेवला होता, आणि त्याचा उजेड कसा, तर पिकल्या लिंबासारखा. घोड्याने तो उजेड हुंगला आणि जाऊन खिडकीशी उभा राहिला. तो डोळे मिटूनच विचारायचा, "कुणाची वाट बघतोय?" मी म्हणायची, "तुझी." रोज तेच, सहा महिने! सून म्हणायची, "आई, अहो, मला आता स्वप्नात टापा ऐकू येतात!"

आणि परीक्षेचा दिवस आला. ह्याने डोळे मिटले, हसला, आणि म्हणाला, घोडा, पायरी, दिवा, लिंबू, खिडकी. पाचच्या पाच! डॉक्टरीण खुर्चीतून उठलीच. "अहो, धुकं गेलं!" खाडखाड चिठ्ठी लिहिली, सोमवारपासून मशीनवर जायला हरकत नाही. मी अशी ताठ चालत बाहेर पडले, जसा काही घोडा माझ्याच मालकीचा.

रविवारी दुपारी मी भाजी निवडत होते. हा आला, उभा राहिला. हातात मोठी कात्री. उघडी. आणि तिच्या दोन पात्यांमध्ये ह्याचा अंगठा. म्हणाला, "आई, ही मी कशाला घेतली होती गं?"

मी आधी त्याचा अंगठा बाहेर काढला. अहो, माझ्या लेकराला घोडा आठवत होता, स्वतःचा हात कुठे आहे ते आठवत नव्हतं! आणि चिठ्ठी खिशात!

सोमवारी छापखाना उघडायच्या आधी त्याला हाताला धरून डॉक्टरणीच्या दारात. "बाई, मी पढवलंय त्याला." सगळं सांगितलं, घोड्यासकट. तिने कपाळाला हात लावला. "आजी! तीनशे माणसांत हाच एक असा बरा झाला म्हणून मी आलेख काढला हो! रेघ वर गेली होती!"

"मग खाली आणा."

"सहा महिन्यांपूर्वीचे पाच शब्द कुणाच्या लक्षात राहतात?"

म्हटलं, "पहिल्या वेळी तुमच्या ओढणीवर शाईचा डाग होता, तोही आहे माझ्या लक्षात." तेव्हा म्हणाली ते, बाहेर बसा म्हणून.

नवे शब्द वाचले. ह्याला दोन आले, आणि तिसरा म्हणून म्हणाला, "घोडा." तिने चिठ्ठी फाडली. परत घड्यांचं टेबल, परत सहा महिने. पण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, हे नापास होणं नाही. जे आहे ते दिसू द्या, तरच औषध शोधता येईल." बरं बाई. दिसू दे. दहा बोटं तर जागच्या जागी आहेत.

फक्त एक झालंय. त्या बाहेरच्या बाकाच्या डोक्यावर झरोका आहे, आणि त्याची झडप लागत नाही. नवे पाचही शब्द मला ऐकू आलेत... नाही, तुम्हाला नाही सांगणार! तुमच्यातलं कुणी त्याच्या ओळखीचं निघालं तर? आणि मेले शब्द गप्प बसतील तर शपथ, आपसूक एकमेकांचा हात धरून चालायला लागलेत, पुढची अख्खी गोष्ट तयार आहे माझ्या डोक्यात! दुपारी पडदा फुगतो, हा डोळे मिटून विचारतो, "आई, घोडा पुढे कुठे गेला गं?"

कुठे गेला ते मला पक्कं ठाऊक आहे. पण संशोधन आहे ना बाई! मी म्हणते, "कुठे जातोय? उभाय तिथेच. झोप तू."