काळ्या केसाची व्हीपी

चहा घ्या अन् आयका. पैज लावली माह्या वर्गातल्या गज्यानं, अन् म्या येड्यासारखी घेतली.

पेपरात जाहिरात होती: पांढरे केस आठ दिवसांत काळे, व्हीपीनं, म्हंजे पैसे पार्सल हाती आल्यावर. गज्या म्हणे, "तुह्या संपतकाकाच्या नावानं मागवून दाखव बे." म्या कार्ड टाकून देल्लं. मंग काय, पोस्टमनची घंटी वाजली का म्या आधी दारात. पार्सल रस्त्यातच अडवावं म्हणून आमच्या धाड गावच्या बसस्टँडवर, जिथं टपालाची थैली उतरे, रोज चकरा मारून राह्यलो.

आलं ते नेमकं काकाले पाहाले अमडापूरचे पावणे बसले होते तवा. पोस्टमन दारातूनच म्हणे, "संपतराव, तुमची व्हीपी. केस काळे करायचं तेल."

पोरीच्या बापानं बशी खाली ठेवली. "पोराचं वय किती सांगतलं होतं तुम्ही?"

"अठ्ठावीस," आमचे आबा म्हणे.

लगन मोडते असं दिसलं, तवा मले राहवलं नाही. "काकाचं काही नाही जी. म्या मागवलं, पैज होती." आबानं कानाखाली एक देल्ली. पावणे हासले, बशी पुन्हा उचलली.

पोस्टमनचा हात अजून थैलीतच होता. "अन् हे दुसरं पार्सल? तेच तेल, तेच नाव."

सगळे माह्याकडं पाहाले लागले. म्या गळ्याची आन घेतली, "म्या एकच कार्ड टाकलं होतं."

काकानं मान खाली घातली. "ते माहं होय. मागची शिशी सरली."