जमनीच्या गाण्यातली खरखर

...एकटी! अन् एवढं बोलून सुखीबाई डोक्यावर घागर घेऊन चालती झाली! आता तुम्हीच सांगा, असं कोणी करते का? 'गुरुवारी संध्याकाळी देवसिंगची जमनी रेडिओत एकटी...' अन् पुढं? एकटी काय? गाणार? बोलणार? का एकटी बसून रडणार? अर्धी गोष्ट सांगून विहिरीवरून निघून जाणं म्हणजे भाकर वाढून कोरड्यास न देणं झालं! मले काय कराचं आहे, बाप्पा! पण देवसिंग पडला आमचा शेजारी, भिंतीले भिंत लागून. त्याच्या घरची गोष्ट मले अर्धीच माहीत, हे आर्णीत कोणाले पटन तरी का?

तं हा देवसिंग बंजाऱ्यायचा तांडा सोडून आर्णीत राहाले आला, एका कंत्राटदाराची जुनी काळी मोटार घेतली, अन् बाजाराच्या दिवशी महागावच्या सवाऱ्या मारते. त्याची पोट्टी जमनी दिवाळीनंतर ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगले गेली. तवापासून तांड्यातले लोक टोमणे मारून राह्यले, 'धाडली न पोरगी, देवसिंग? आता ते कायची वापस येते!' देवसिंग हसून सोडून देते. त्याची बायको लालीबाई हसत नाही. पोट्टीचा आवाज कानावर पडला नाही तवापासून तिले जेवण गोड लागत नाही, हे मले माहीत आहे, काहून की तिच्या चुलीवर काय शिजते अन् काय उरते ते आमच्या खिडकीतून दिसते.

मी भिंतीवरूनच विचारलं. लालीबाई म्हणे, "खरं आहे, पंचफुलाबाई. ट्रेनिंगच्या पोरीयचं गाणं नागपूरच्या रेडिओवर लागणार आहे. एकदा ऐकू द्या मले, बस!"

मी म्हटलं, हॉटेलात रेडिओ आहे. तं म्हणे, "तिथं माणसं बसते, मी कायले जाऊ? मोटारीत आपला घरचा रेडिओ आहे न!"

घरचा रेडिओ! अवो, तो रेडिओ म्हणजे... इंजिन बंद असलं का कसा साखरेवाणी गोड वाजते. पण बॅटरी म्हातारी! एक गाणं झालं का रेडिओ मरते, अन् मोटारही मरते, मंग साऱ्या गल्लीनं ढकलत न्या. बॅटरी जगवाची तं इंजिन चालू पाह्यजे, अन् इंजिन चालू केलं का आतून 'घूंऽऽऽ' अन् त्याच्यावरून 'खर्र... कर्र... खर्र'! जसं काई कोणी तव्यावर रेती भाजून राह्यलं. आता ऐका गाणं!

गुरुवारी दुपारी देवसिंगनं पुसदवरून रामधन फिटर आणला. रामधननं बोनेट उघडलं, मुंडकं आत घातलं, अन् आतूनच बोलून राह्यला, "भाभी, जरा दूर सरको, उजाला नहीं आता." मी जराशी वाकून पाहत होती, बस! मले काय कराचं आहे, बाप्पा! पण शेजारच्या मोटारीच्या पोटात काय आहे ते माणसानं पाहावं का नाही?

तो म्हणे, "रेस दो." देवसिंगनं रेस दिली. घूं वाढलं. "रेस छोडो." घूं कमी झालं. म्हणे, "डायनामो रो रहा है." त्याच्यावर एक कंडेन्सर बसवला, तेवढुसाच, सुपारीएवढा. एका जागी रंग खरवडून अर्थिंगची तार घट्ट कसली. अन् खरंच हो, घूं गेलं! आम्ही सारे खूश. पण खर्र-कर्र? ते तसंच! मंग त्यानं प्लग काढले, पुसले, बसवले. खर्र. तारा बदलल्या. कर्र. इंजिन बंद केलं, सारं साफ. चालू केलं, खर्र! रामधन कपाळाले हात लावून बसला. तिकडं दिवस बुडाले आला, अन् लालीबाई मोटारीत रेडिओपुढं हात जोडून बसलेली, जसं काई पोट्टी त्याच्यातून बाहेरच निघणार आहे!

अन् मी... आता मी खरं सांगते, मी काई कराले गेली नव्हती. मोटारीच्या त्या रेडिओच्या काडीले, एरियल म्हणते तिले, लालीबाईनं जमनीच्या ओढणीचा पदर बांधला होता. त्याले आरसे, कवड्या, खाली घुंगरावाणी लटकणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. पोट्टी गेली त्या दिवशी बांधला. मी तं फक्त चांदी खरी आहे का पाहाले घुगऱ्या वर उचलल्या. तं खर्र-कर्र बंद!

"हाथ मत हटाओ!" रामधन असा ओरडला का माझा जीव गेला! मी हात सोडला. खर्र! मंग पुन्हा उचलला. साफ! इंजिन थरथरे, घुगऱ्या पत्र्याले लागत, अन् तेच आत वाजे. देवसिंग म्हणे, "सोडून टाक गाठ." तं लालीबाई आतून कडाडली, "खबरदार! गाठ म्या मारली, सोडाची जमनीनं. ते आल्याबिगर कोणी हात लावाचा नाही!"

तेवढ्यात रेडिओतली बाई बोलली, "आता ऐका..." देवसिंग म्हणे, "पंचफुलाबाई, तुम्ही धरून राहा न जरा!" अन् इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून रामधननं काचा लावल्या! चारही! आत देवसिंग, लालीबाई, रामधन. बाहेर मी, घुगऱ्या वर धरून, अन् कानाजवळ इंजिन धडधडून राह्यलं! मले काय कराचं आहे, बाप्पा! पण काचेतून लालीबाईचं तोंड दिसत होतं. पहिले ते घाबरलेली होती, अन् मंग पदर डोळ्याले. हात असा दुखत होता म्हणता, पण सोडता येते का? तुम्हीच सांगा!

संपल्यावर काच खाली झाली. देवसिंग नाक पुसत म्हणे, "एकटी नव्हती हो, साऱ्याच पोरी गात होत्या. पण मधातली एक ओळ जमनी एकटी गायली."

लालीबाई म्हणे, "एक कायची? सारं तिचंच होतं! मारी छोरी!" आता मी कोणाचं खरं मानू?

अन् तवापासून सारी आर्णी मले विचारून राह्यली, "तुम्ही तं तिथंच होत्या न, पंचफुलाबाई! कशी गायली पोट्टी?"

मी म्हणते, "इंजिन मस्त चालत होतं."