वगीदाच्या यादीतलं पहिलं पुस्तक

हॅलो?

…कोण? जरा मोठ्याने बोला… राविया? वगीदाची धाकटी राविया? अगं, किती वर्षांनी तुझा आवाज ऐकतेय… हो, मीच, इन्शिरा… नाही, झोपले नव्हते… राविया, तुझ्यामागे कोंबड्या एवढ्या ओरडतायत, मला काही कळत नाहीये. दुकानाच्या बाहेर ये जरा.

हं. आता येतंय ऐकू. बोल.

…कपाटं? कसली कपाटं?

कधी आला होता तिचा फोन?… काल. आणि नेमकं काय म्हणाली?… पुस्तकांची कपाटं रिकामी होतायत, तुझ्या मुलींना हवी असली तर पाठवते. एवढंच?… मग थंडीचं बोलली आणि ठेवला.

नाही गं, वेडबीड काही नाही लागलेलं.

हो… विकतेय. नबी दानियाल रस्त्यावरचा जुनी पुस्तकं घेणारा परवा येऊन गेला. आतली खोली रिकामी झाली. बाहेरची तो उद्या नेणार आहे… सगळी, राविया. सगळी.

मला सांगतेस? बावीस वर्षं एका शाळेत काढली आम्ही. ती अरबी शिकवायची, मी भूगोल. उसनं पुस्तक मागायला कुणी आलं तर त्याला चहा पाजायची, बडीशेप घातलेली बिस्किटं द्यायची आणि रिकाम्या हाताने परत पाठवायची. मला ठाऊक आहे ती काय विकतेय.

…कारण तिलाच विचार ना… विचारलंस. आणि?… "धूळ फार होते." असं म्हणाली होय.

राविया, मला नको विचारूस. मी शब्द दिलाय तिला… सख्खी बहीण आहेस, मान्य. पण शब्द तुझ्यासाठीच घेतला होता तिने. "रावियाला कळता कामा नये, तिचा नवरा कंबर मोडून पडलाय, त्यात माझं नको"… हो, हेच शब्द… नाही, कॅन्सर नाही. अगं, रडू नकोस. रस्त्यात उभी आहेस ना तू? लोक बघतील.

थांब. मी बसते आधी.

हं, ऐक. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी उठली, चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि तिला वाचता येईना… डोळ्यांचं नाही. डोळे ठीक आहेत. समुद्रातली बोट दिसते, सुईत दोरा ओवते. मेंदूत एक बारीकशी गुठळी झाली होती. हात-पाय शाबूत, बोलणं शाबूत, फक्त वाचणं गेलं. अक्षर दिसतं, पण ते काय आहे ते कळत नाही. तुझ्या-माझ्यासमोर चिनी कागद ठेवावा तसं.

…तेच तर. लिहिता येतं तिला. हात लिहितो. स्वतः वाणसामानाची यादी लिहून दुकानात गेली आणि तिथे उभी राहून स्वतःचंच अक्षर तिला लागेना. दुकानदाराला म्हणाली, चष्मा विसरले. त्या दिवशी रात्रीचं जेवण टाकून माझ्याकडे आली.

…दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाला येईल हळूहळू. दुसऱ्याने नुसत्या गोळ्या लिहून दिल्या.

आता ऐक ना पुढे. ती इंटरनेटवर पुस्तकांबद्दल लिहिते, माहीत आहे तुला. 'खिडकीतली खुर्ची'… हो, तेच, ज्याला तू रिकाम्या बाईचे उद्योग म्हणायचीस. अगं, राग नाही आला कधी तिला, हसून सांगायची. अलेक्झांड्रियात आम्ही पाचजण आहोत असे लिहिणारे. वर्षभर वाचायचं. जानेवारीत जाडजूड, रमजानमध्ये बारकी, उन्हाळ्यात खुनाबिनाची. दर आठवड्याला लिहायचं. आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकाने आपली आवडती दहा पुस्तकं सांगायची. कुणाची यादी सगळ्यांत आवडली ते वाचणारे लोक ठरवतात. मग शेवटच्या शुक्रवारी रम्ल स्टेशनजवळच्या कॅफेत सगळे जमतो… नाही, बक्षीसबिक्षीस काही नाही. ज्याची यादी निवडली जाते त्याने उभं राहून आपल्या पहिल्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं. एवढाच मान.

हो… वाचून दाखवायचं. कळलं ना आता तुला?

मी तिला म्हटलं होतं, लोकांना सांगून टाक. म्हणाली, "माझी कीव करत वाचतील मग. त्यापेक्षा बंद करते." बंद करते म्हणाली, राविया. मला ते बघवेना. मी म्हटलं, मी वाचते, तू ऐक. तू सांग, मी टाइप करते. रोज संध्याकाळी साडेपाचला जायचे. ती खिडकीत बसायची, मी समोर. दीड तास. वाऱ्यापावसाने ट्राम बंद असली की फोनवर… ते यंत्रातले आवाज? ऐकून पाहिले. म्हणाली, हा माणूस बातम्या देतोय की कादंबरी वाचतोय.

छान चाललं होतं गं. मे, जून, जुलै. उलट मी कधी नव्हे एवढी वाचायला शिकले. शेवटचं पान आधी वाचून घ्यायची तिची खोड… हो ना, लहानपणापासूनची? मला आधी शेवट वाचायला लावायची आणि मग म्हणायची, आता सुरुवात कर, आता घाई नाही.

…सांगते. तिथेच येतेय.

ऑगस्टपासून ती दमायला लागली. एखाद्या पुस्तकाबद्दल चार वाक्यं सांगायची आणि गप्प. चार वाक्यांत काय होतं? घरी येऊन मी त्यात एक घातलं. जोडण्यापुरतं. पुढच्या वेळी दोन घातली. मग एकदा तिचं एक वाक्य मला पटलं नाही, ते जरा सौम्य केलं… हो. केलं. तू बोल काय बोलायचं ते.

…नाही, तिला कळणार कसं? वाचता कुठे येत होतं. मीच वाचून दाखवायचे. वाचताना माझं गाळायचे आणि तिचं तेवढं वाचायचे.

राविया, आता जे सांगते ते मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही. मला आवडायला लागलं होतं. माझाही ब्लॉग आहे, नऊ वर्षं झाली. चाळीसेक माणसं येतात, त्यातली निम्मी नात्यातली. कुणी चकार शब्द लिहीत नाही. आणि वगीदाच्या नावाखाली माझं वाक्य गेलं की खाली साठ-साठ जण लिहायचे. "वगीदाबाई, यंदा तुम्ही वेगळंच लिहिताय. इतकं जवळचं कधी लिहिलं नव्हतंत." मी ते रात्रंदिवस… पुन्हा पुन्हा वाचायचे. आणि तिला सांगायचे, बघ, लोक किती खूश आहेत तुझ्यावर. ती खुलायची. दोघी खूश होतो गं आम्ही. खोटं एवढं सुखाचं असतं हे मला माहीत नव्हतं.

हो… हो, मग यादी.

तिने दहा नावं सांगितली. पहिलं होतं रेल्वेचे रूळ बदलणाऱ्या एका सांधेवाल्यावरचं, कोरडं, खडखडीत, तिला आवडतं तसं. आणि मी… एक कादंबरी होती. आई लेकीला दार उघडत नाही, एवढीच गोष्ट. मी वाचायला घेतली तर तिसऱ्या प्रकरणाला वगीदा म्हणाली, "बंद कर, ही बाई रडण्यासाठी पैसे घेते." मी घरी येऊन एकटीने पुरी केली. माझी आई अशीच गेली, तुला माहीत नाही. जाऊ दे. तर ती कादंबरी मी पहिली टाकली. सांधेवाला दुसऱ्यावर सरकवला. आणि त्या कादंबरीबद्दल दीड पान लिहिलं. वगीदाच्या नावाने.

…का म्हणजे? मला वाटलं, कुणाला काय कळतंय. मला वाटलं, ते दीड पान कुणीतरी वाचावं. माझ्या नावाने कुणी वाचलं नसतं.

तीच यादी निवडली गेली. आजवर कुणाला मिळाली नाहीत एवढी मतं.

गेल्या शनिवारी ती औषधं आणायला गेली. दुकानदाराची बायको बाहेर आली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुमचं ते आईचं पान वाचून मी सहा वर्षांनी माझ्या आईला फोन लावला. आता बघ. वगीदाने काय करावं? ती म्हणाली, "बरं झालं." आणि घरी आली.

…नाही, मला फोन नाही केला. हाक नाही, बोलणं नाही. रविवारी मी नेहमीसारखी साडेपाचला गेले. दार उघडंच होतं. पुदिन्याचा चहा केलेला. माझी खुर्ची मांडलेली. म्हणाली, "आज यादी वाच. दहापासून वर ये."

मी वाचली. दहा, नऊ, आठ. आणि वर येता येता मला कळलं, राविया, की तिला कळलंय. पण पक्कं कळलंय की नाही ते कळेना. थांबायला हवं होतं मी. तिथे थांबले असते तरी… नाही थांबले. पहिल्या नंबरला आले आणि सांधेवाल्याचं नाव घेतलं. समोर दिसत होतं दुसरंच, आणि मी तोंडाने सांधेवाल्याबद्दल जुळवत गेले. तिच्याच आवाजात, तिला आवडेल असं. चांगलं जुळवलं. पाच-सहा वाक्यं.

ती म्हणाली, "छान. पुन्हा वाच."

…काय करणार? पुन्हा जुळवलं. पहिल्यांदा काय बोलले होते ते आठवेना. एक वाक्य पुढे गेलं, एक राहूनच गेलं.

तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "इन्शिरा, छापलेलं दोनदा वाचलं तर दोनदा तेच असतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. मी रडायला लागले तर तिने उठून मला रुमाल दिला. म्हणाली, "माझं वाचणं गेलं म्हणून मी तुझं घेतलं. आता कुणाचं घेऊ?" आणि थोड्या वेळाने म्हणाली, ते आईचं पान खरंच कसं आहे ते वाच. वाचलं. शब्द न् शब्द. ऐकून म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. तुझ्या नावाने टाकायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी तो पुस्तकवाला आला.

…नाही ना टाकता येत आता माझ्या नावाने. टाकलं की लोक विचारणार, तुझं पान वगीदाच्या जागी कसं? मग तिचं वाचता न येणं चव्हाट्यावर. ते तिला मेल्याहून मेल्यासारखं. आणि नाही टाकलं तर तिने कधी न लिहिलेलं तिच्या नावावर राहणार जन्मभर. मी कुठेही हलले तरी तिलाच लागतं, राविया. मी तीन दिवस हाच हिशोब करतेय.

शुक्रवारचं विचारतेस? रविवारी निघतानाच तिने सांगून ठेवलंय, मला बरं नाही म्हण. म्हणजे आणखी एक खोटं, तेही माझ्याच तोंडून. आणि आमच्यातले सर्वांत वडीलधारे थरवतसाहेब, ते सकाळी फोनवर काय म्हणाले माहीत आहे? "वगीदाबाई येत नसतील तर त्यांच्या वतीने तुम्ही पान वाचा. तुमच्याइतकी जवळची कोण आहे?"

…हो म्हटलं. नाही कशी म्हणू? काय कारण देऊ?

उभी राहीन आणि वाचीन. टाळ्याही वाजतील.

…तू ये गं, पण कशी येणार? तुझ्या नवऱ्याला उठवायला-बसवायला तूच आहेस. आणि अशी अचानक आलीस तर तिला कळेल मी बोलले ते… पुस्तकवाल्याला मी अडवलं. जिन्यात उभं राहून सांगितलं, आठवडाभर थांबा. तो बिचारा म्हणाला, बाई, मालकीणबाईंनी बोलावलंय, तुम्ही कोण? खरंच, मी कोण?

साडेपाचला फोन लावते अजून. वाजतो आणि बंद होतो. आवाज भरून पाठवते, ते तिने उघडलेलंच नसतं.

…

काय म्हणालीस?… तुझा फोन उचलते ती. हो. तुझा उचलते.

राविया, तू वाचशील तिला? फोनवरून?… अगं, मी चेष्टा नाही करत. शाळा सोडल्यापासून पुस्तक हातात धरलं नाहीस, माहीत आहे. कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावरचं वाचतेस ना? झालं तर मग. अडखळलीस तर अडखळ. एखादा शब्द नाही लागला तर अक्षरं सांग, ती जुळवेल. ती त्यात मुरलेली आहे. चिडेल, तुझे उच्चार काढून तुला बोलेल, ऐकून घे. फक्त जे आहे तेच वाच. गाळू नकोस. आणि वरचं, कितीही चांगलं सुचलं तरी, मुळीच नको.

…आम्ही दोघी वाचत होतो ते पुस्तक इथेच आहे, माझ्याकडे. मी पानांचे फोटो काढून पाठवते तुला. एकशे बेचाळीसाव्या पानावर थांबलो होतो. वरून चौथी ओळ, अर्धं वाक्य झालंय.

…सांग ना, मुलीच्या शाळेचं आहे, वाचायचा सराव करतेय. विश्वास नाही ठेवणार ती. पण बहुतेक ऐकेल.

पुढे काय होतं?… मला नाही माहीत गं. या एकाच पुस्तकाचं शेवटचं पान तिने मला आधी वाचू दिलं नव्हतं. म्हणाली होती, हे दोघींनी मिळून बघू… नाही, फोटो काढताना नाही बघणार. नुसता काढीन आणि पाठवीन.

ठेव आता. पाच वाजून गेले. बारा-पंधरा पानं तरी काढायला हवीत.